सेटिंग बदललं, हॅश जुनाच: लिनक्सचे लॉगिन पासवर्ड येस्क्रिप्टवर नेताना

धरणगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात, वजनकाट्याच्या खिडकीशेजारी, एक लिनक्सची पेटी आहे. कापसाच्या मोसमात गाड्यांची वजनं, शेतकऱ्यांची खाती, कुणाला किती उचल दिली, सगळं तिच्यावर. ती सांभाळायचं काम माझ्याकडे. पेटी दोनदा बदलली, दरवेळी खाती जुन्या मशीनवरून जशीच्या तशी उचलून आणली. आज तिच्यावर डेबियन १२ आहे, सगळे अपडेट वेळेवर. तरी एकदा सहज शॅडो फाइल (लॉगिनचे पासवर्ड जिच्यात हॅश म्हणून, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या सांकेतिक रूपात असतात ती) उघडली, तर हिशेब बघणाऱ्या अप्पांच्या नावापुढे हॅशची सुरुवात दिसली: $१$. त्याच्या पुढच्या रकान्यात आकडा १४७००.

हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले दिवस. हिशेब केला तर १ एप्रिल २०१० निघतो. नवं आर्थिक वर्ष सुरू झालं त्या दिवशी अप्पांनी पासवर्ड ठेवला आणि नंतर त्याला कधी हात लावला नाही. तेव्हा डेबियन ५ चा काळ होता, आणि त्यात पासवर्डसाठी एमडी५ ही पद्धत होती. पुढे सिस्टीम पिढ्यान् पिढ्या बदलली, हॅश मात्र २०१० मध्येच बसून राहिला.

तुमच्याकडे बरीच वर्षं चाललेली लिनक्स मशीन असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. येस्क्रिप्ट ही हॅशची नवीन पद्धत लावणं पाच मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो माणसांचे जुने हॅश खरोखर बदलून घेण्यात आणि त्या जुन्या हॅशच्या इकडेतिकडे पडलेल्या प्रती शोधण्यात.

एक खुलासा आधीच करतो. कमांड आणि फायलींची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांत टाइप करा, आकडेही इंग्रजीच. ईटीसी म्हणजे ई, टी, सी. हॅशच्या सुरुवातीचा वाय छोटा. जिथं अक्षर मोठं हवं तिथं मी तसं सांगेन.

हॅश चोरीला जातो कसा

हॅकर म्हटलं की परदेशातला कुणी टोपीवाला डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे हॅश बाहेर जातो तो जास्त साध्या वाटेनं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पेटी गरम होऊन बंद पडते, हार्ड डिस्क काढून दुरुस्तीला जळगावला किंवा भुसावळला जाते. तिथल्या टेबलावर ती दोन दिवस उघडी पडलेली असते. किंवा बॅकअपचा पेनड्राइव्ह कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतो. किंवा जुनी पेटी भंगारात जाते, डिस्कसकट. दुरुस्तीवाल्यावर संशय घ्यायचा नाही. पण /ईटीसी/शॅडो ही फाइल ज्याच्या हातात पडली, त्याला तुमच्या मशीनवर लॉगिनच्या पडद्याशी झगडावं लागत नाही. तो घरी बसून, घाई न करता, अंदाज लावत राहतो.

शॅडोमध्ये पासवर्ड नसतो, त्याचा हॅश असतो. हॅशवरून उलटं पासवर्डपर्यंत जाता येत नाही. म्हणून चोर एक शब्द घेतो, त्याचा हॅश काढतो, जुळतो का बघतो. नाही जुळला की पुढचा शब्द. जॉन द रिपर आणि हॅशकॅट ही साधनं हेच करतात, आणि ग्राफिक्स कार्ड जोडलं की भयानक वेगानं करतात. तेव्हा आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: एक अंदाज तपासायला चोराला जितका खर्च येईल तितका वाढवणं, आणि अंदाजात सहज न येणारा पासवर्ड ठेवणं. हॅशची पद्धत बदलून पहिली गोष्ट साधते. दुसरी साधत नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

पायरी १: काय आहे ते बघा

सुडो कट -डी: -एफ१-३ /ईटीसी/शॅडो

(डी आणि एफ दोन्ही छोटे.) यातून प्रत्येक खात्याचं नाव, हॅश आणि पासवर्ड शेवटचा बदलल्याचा दिवस दिसतो. दिवसाचा आकडा तारखेत हवा असेल तर ‘सुडो चेज -एल’ आणि पुढे खात्याचं नाव. पडद्यावर पूर्ण हॅश दिसतात, तेव्हा ‘हे काय आलंय बघ रे’ म्हणून त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. हे मी उगाच लिहीत नाही.

बरीचशी नावं सिस्टीमची असतील आणि त्यांच्यापुढे नुसती चांदणी किंवा उद्गारचिन्ह असेल. त्यांना पासवर्डच नाही, सोडून द्या. हॅशच्या आधी उद्गारचिन्ह असेल तर खातं कुलूपबंद आहे, पण हॅश आत तसाच आहे; ते लक्षात ठेवा. आणि रकाना साफ रिकामा असेल, तर लेख बाजूला ठेवून आधी त्या खात्याला पासवर्ड द्या.

आता सुरुवातीची खूण. डॉलर नाहीच आणि एकूण १३ अक्षरं, असं असेल तर ती युनिक्सची जुनी डीईएस पद्धत. ती पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं बघते. नववं अक्षर तुम्ही काहीही लिहा, तिला पत्ता नाही. $१$ म्हणजे एमडी५ वर बांधलेली पद्धत, फ्रीबीएसडीच्या पॉल-हेनिंग काम्प यांची. ती आतल्या आत हजार फेऱ्या मारते, आणि १९९० च्या दशकात तेवढं पुरेसं होतं. २०१२ मध्ये काम्प यांनी स्वतःच जाहीर केलं की ही आता सुरक्षित मानू नका. स्वतःच्या कामाबद्दल असं उघड सांगणारे लोक कमी.

$२बी$ किंवा $२वाय$ दिसलं तर बीक्रिप्ट. ओपनबीएसडीच्या गोटातून १९९९ मध्ये आलेली, अजूनही चांगली, फक्त पासवर्डचे ७२ बाइटच बघते. $५$ आणि $६$ म्हणजे एसएचए-२५६ आणि एसएचए-५१२, उलरिच ड्रेपर यांनी २००७ मध्ये मांडलेल्या. यांच्या फेऱ्या वेगळ्या सांगितल्या नाहीत तर ५००० असतात. २०११ नंतर बसवलेल्या बहुतेक मशीनवर हेच $६$ सापडेल.

आणि $वाय$ म्हणजे येस्क्रिप्ट. ओपनवॉलच्या सोलर डिझायनर यांनी ती केली, कॉलिन पर्सिव्हल यांच्या २००९ च्या एसक्रिप्टच्या पायावर. आपल्याला इथं पोहोचायचं आहे.

येस्क्रिप्टच का, हे घरच्या उदाहरणानं सांगतो. एसएचए-५१२ ला फक्त हात लागतात. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे हात असतात, एकदम कामाला लागतात. येस्क्रिप्टला प्रत्येक अंदाजासाठी मेमरीचा मोठा तुकडा लागतो. मांडे करायला बसल्यासारखं आहे हे: लाटणाऱ्या बाया शंभर आणल्या, पण चुलीवर खापरं दहाच असतील, तर एका वेळी मांडे दहाच निघणार. ग्राफिक्स कार्डाकडे बाया भरपूर, खापरं मोजकी.

पायरी २: एक दार उघडं ठेवा

यापुढे आपण लॉगिनच्या यंत्रणेतच हात घालणार आहोत. एक अक्षर चुकलं तर कुणालाच आत जाता येत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून दुसरं टर्मिनल उघडा, त्यात ‘सुडो -आय’ करून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, व्हा, आणि ती खिडकी तशीच उघडी ठेवा. सगळं तपासून होईपर्यंत ती बंद करायची नाही. दुरून एसएसएचनं काम करत असाल तर हे आणखीच महत्त्वाचं. चाळीसगावात बसून धुळ्याची पेटी बंद करून बसलात की मग बस पकडावी लागते.

मग प्रती काढा:

सुडो सीपी -ए /ईटीसी/पॅम.डी /रूट/पॅम-जुनं
सुडो सीपी -ए /ईटीसी/लॉगिन.डेफ्स /रूट/
सुडो सीपी -ए /ईटीसी/शॅडो /रूट/शॅडो-जुनी

शेवटची प्रत ही स्वतःच एक जोखीम आहे. ती पुढे पुसायची आहे, कुठं ठेवली ते लिहून ठेवा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर लाइट जायच्या वेळेत हे काम काढू नका. शॅडो फाइल साध्या एडिटरनं उघडून बदलायची वेळ आलीच, तर ‘सुडो व्हीआयपीडब्ल्यू -एस’ वापरा. ते फाइलला कुलूप लावून बदल करतं.

पायरी ३: तुमच्या सिस्टीमला येस्क्रिप्ट येतं का

डेबियन ११ पासून पुढे, उबंटू २२.०४ पासून पुढे आणि फेडोरा ३५ पासून पुढे नवीन पासवर्ड मुळातच येस्क्रिप्टनं बनतात. रेड हॅट एंटरप्राइझ ९ आणि त्याच्या भावंडांमध्ये मुळातली पद्धत एसएचए-५१२ आहे. सेंटओएस ७ ला येस्क्रिप्ट कळतच नाही. त्याचा आधारच संपलेला आहे, तिथं हॅशपेक्षा सिस्टीम बदलण्याची काळजी आधी करा.

इथं एक खड्डा आहे. नव्या मशीनवरची शॅडो फाइल जुन्या मशीनवर नेली, तर येस्क्रिप्टची खाती तिथं उघडत नाहीत. पासवर्ड बरोबर टाकला तरी मशीन चुकीचा म्हणतं, आणि माणूस अर्धा तास कॅप्स लॉक तपासत बसतो. जुन्याकडून नव्याकडे जाणं चालतं, उलटं नाही.

पायरी ४: किंमत ठरवा

येस्क्रिप्टला एक आकडा देता येतो, त्याला आपण किंमत म्हणू. मुळातली किंमत ५ आहे, आणि तिच्यात एका हॅशला १६ एमबी मेमरी लागते. आकडा एकानं वाढला की मेमरी दुप्पट: ६ ला ३२, ७ ला ६४, ८ ला १२८, आणि ११ ला तब्बल १ जीबी. वेळही साधारण त्याच चालीनं वाढतो. पॅममध्ये, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या सेटिंगमध्ये, ही किंमत ‘राउंड्स’ या शब्दापुढे लिहितात; तिथं ३ ते ११ यांतलाच आकडा लिहा.

किती ठेवायची? अंदाजावर सोडू नका, मोजा. डेबियनवर ‘हूइज’ नावाच्या पॅकेजमध्ये एमकेपासडब्ल्यूडी हे साधन येतं:

सुडो एपीटी इन्स्टॉल हूइज
टाइम एमकेपासडब्ल्यूडी -एम येस्क्रिप्ट -आर ६ टेस्ट१२३

(एम छोटा, आर मोठा.) खरा पासवर्ड इथं लिहू नका, तो कमांडच्या इतिहासात राहतो. खाली ‘रिअल’ या ओळीपुढे किती सेकंद लागले ते येतं. ५, ६, ७, ८ असे एकेक करून बघा. ही मोजणी तुमच्या नव्या लॅपटॉपवर करून उपयोग नाही, ज्या पेटीवर लॉगिन होणार तिच्यावरच करा. लॉगिनला पाव ते अर्धा सेकंद जास्त लागला तर माणसाला जाणवत नाही. चोराला प्रत्येक अंदाजामागे तोच दंड बसतो.

जिनिंगच्या पेटीत ४ जीबी मेमरी, सकाळी दहा वाजता पाच-सहा जण एकदम लॉगिन करणार. मी ७ ठेवली. ५१२ एमबीचा भाड्याचा छोटा सर्व्हर असेल तर ५ वरच थांबा. तिथं ११ लावलीत तर चोराच्या आधी तुमचंच मशीन गुडघे टेकेल, आणि कुणीतरी मुद्दाम सतत चुकीचे पासवर्ड टाकून ते पाडूही शकेल.

येस्क्रिप्ट नसलेल्या सिस्टीमवर एसएचए-५१२ च्या फेऱ्या वाढवता येतात. तिथं राउंड्सचा आकडा वेगळ्या जातीचा: मुळात ५०००, तुम्ही लाखाच्या घरात नेऊ शकता. म्हणून एका मशीनवरची ‘राउंड्स=६५५३६’ अशी ओळ उचलून येस्क्रिप्टपुढे चिकटवू नका. तिथं त्या आकड्याला काही अर्थ नाही.

पायरी ५: दोन फायली

डेबियन आणि उबंटूवर पहिली फाइल /ईटीसी/पॅम.डी/कॉमन-पासवर्ड. तिच्यात पॅम_युनिक्सची ओळ साधारण अशी असते:

पासवर्ड [सक्सेस=१ डिफॉल्ट=इग्नोअर] पॅम_युनिक्स.एसओ ऑब्स्क्युअर येस्क्रिप्ट

जुन्या मशीनवर शेवटी येस्क्रिप्टऐवजी एसएचए५१२ दिसेल. ते काढून येस्क्रिप्ट लिहा, आणि त्याच ओळीच्या शेवटी किंमत जोडा:

पासवर्ड [सक्सेस=१ डिफॉल्ट=इग्नोअर] पॅम_युनिक्स.एसओ ऑब्स्क्युअर येस्क्रिप्ट राउंड्स=७

चौकटी कंसातलं काही हलवू नका. सक्सेस=१ चा अर्थ ‘जमलं तर पुढची एक ओळ ओलांड’ असा आहे; मध्ये एखादी ओळ घुसवली की उडी चुकते. आधीपासून असलेले बाकीचे शब्द, उदाहरणार्थ यूज_ऑथटॉक, तसेच राहू द्या. पुढे कधी पॅम-ऑथ-अपडेट (पॅमच्या या फायली आपोआप लिहिणारं साधन) चाललं तरी ओळीच्या शेवटी जोडलेले असे पर्याय ते जपतं.

दुसरी फाइल /ईटीसी/लॉगिन.डेफ्स. काही साधनं पॅमचं ऐकतात, काही या फाइलचं. दोघांनी एकच बोललं पाहिजे. डेबियन १२ वर यातल्या ओळी अशा करा, डावीकडची नावं सगळी मोठ्या अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोर, पद्धतीचं नावही मोठ्या अक्षरांत:

एन्क्रिप्ट_मेथड येस्क्रिप्ट
येस्क्रिप्ट_कॉस्ट_फॅक्टर ७

ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह असेल तर ते काढा, नाहीतर ती नुसती टीप म्हणून सोडली जाते. डेबियन ११ किंवा उबंटू २२.०४ वर मात्र ही दुसरी फाइल आहे तशी ठेवा. तिथल्या जुन्या साधनांना येस्क्रिप्ट हे नावच माहीत नाही, आणि न कळलेल्या नावावर ती थांबत नाहीत, तर सरळ जुन्या डीईएसवर उतरतात. मजबूत करायला गेलो आणि आठ अक्षरांवर आलो, असा प्रकार.

फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात /ईटीसी/पॅम.डी/सिस्टीम-ऑथ थेट बदलायची नाही. ती ऑथसिलेक्ट या साधनाच्या ताब्यात असते. आधी ‘ऑथसिलेक्ट करंट’ करून कोणतं प्रोफाइल आणि कोणकोणत्या सोयी चालू आहेत ते कागदावर लिहून घ्या. मग त्याच प्रोफाइलची आपली प्रत काढा, इथं एसएसएसडी नावाचं प्रोफाइल धरलं आहे:

सुडो ऑथसिलेक्ट क्रिएट-प्रोफाइल मजबूत -बी एसएसएसडी

/ईटीसी/ऑथसिलेक्ट/कस्टम/मजबूत या फोल्डरात सिस्टीम-ऑथ आणि पासवर्ड-ऑथ अशा दोन फायली मिळतील. दोन्हींतल्या, ‘पासवर्ड’ शब्दानं सुरू होणाऱ्या पॅम_युनिक्सच्या ओळीत पद्धत आणि राउंड्स लिहा. एकीतच लिहिलं तर समोरून बदललेला पासवर्ड एका पद्धतीनं आणि एसएसएचमधून बदललेला दुसऱ्या पद्धतीनं, असा घोळ होऊ शकतो. शेवटी:

सुडो ऑथसिलेक्ट सिलेक्ट कस्टम/मजबूत

आणि याच्यापुढे मघाशी लिहून घेतलेल्या सोयींची नावं. ती विसरलात तर फिंगरप्रिंट किंवा घरचं फोल्डर आपोआप बनणं यांसारखं काहीतरी बंद पडतं आणि दोष हॅशला जातो.

पायरी ६: आधी परक्या खात्यावर

‘सुडो ॲडयूजर चाचणी’ करून एक खातं काढा, पासवर्ड द्या, आणि शॅडोमध्ये बघा. सुरुवात $वाय$ अशी हवी. त्याच्या पुढची तीन अक्षरं म्हणजे किंमतीची खूण: ५ ला जे९टी, ६ ला जेएटी, ७ ला जेबीटी (पहिलं जे छोटं, बाकी अक्षरं मोठी). तुम्ही ७ लावलंत आणि जे९टी दिसलं, तर तुमचा राउंड्सचा शब्द कुणी वाचलेलाच नाही. बहुधा तो चुकीच्या ओळीत किंवा टिपेत गेला.

मग त्या खात्यानं खरोखर लॉगिन करा. रूटच्या खिडकीतून ‘एसयू चाचणी’ (एसयू म्हणजे दुसऱ्या खात्यात शिरायची कमांड) करून ‘चालतंय की’ म्हणू नका. रूटला एसयू पासवर्ड विचारतच नाही, त्यामुळे ती परीक्षाच होत नाही. तिसरी खिडकी उघडा, साध्या खात्यातून एसयू करा किंवा एसएसएचनं या. एकदा बरोबर पासवर्ड, एकदा मुद्दाम चुकीचा. दोन्ही वेळा मशीन योग्य तेच म्हणालं की हे खातं काढून टाका.

पायरी ७: माणसं

एवढं करूनही अप्पांच्या नावापुढे $१$ तसाच होता. साहजिक आहे. मशीनला अप्पांचा पासवर्ड माहीतच नाही, तर त्याचा नवा हॅश ते कुठून काढणार? नवी पद्धत लागू होते ती पासवर्ड नव्यानं ठेवला त्या क्षणी. त्यामुळे प्रत्येकाला एकदा पासवर्ड बदलायला लावल्याशिवाय पायरी ५ चा काहीही उपयोग नाही, आणि बहुतेक लोक पायरी ५ वरच हात धुऊन मोकळे होतात.

सगळ्यात चांगली रीत म्हणजे माणसाशेजारी बसून त्याच्याच हातानं ‘पासडब्ल्यूडी’ चालवायचं. दहा जण असतील तर एका दुपारचं काम. शंभर असतील तर:

सुडो चेज -डी ० खात्याचं-नाव

याचा अर्थ पासवर्ड आजपासून शिळा. पुढच्या लॉगिनला मशीन आधी जुना विचारतं आणि मग नवा ठेवायला लावतं. हे चालवायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना सांगा. मी सांगितलं नव्हतं. सकाळी साडेनऊला अप्पांचा फोन: ‘भाऊ, मना पासवर्ड चालत नही!’ गेटवर कापसाच्या गाड्या उभ्या, आणि अप्पा मशीननं जुना पासवर्ड दुसऱ्यांदा का मागितला यावर अडून बसलेले.

तो फोन मी विसरलो असतो. दुसरी गोष्ट विसरलो नाही. रात्रीचा बॅकअप एका वेगळ्या खात्याच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून, चालायचा, आणि मी झटक्यात सगळ्याच खात्यांवर चेज चालवला होता. पासवर्ड शिळा झालेल्या खात्याचं काम क्रॉन करत नाही. पडद्यावर काही ओरडत नाही, फक्त लॉगमध्ये एक ओळ पडते की टोकन आता वैध नाही, नवं हवं. चार रात्री बॅकअप झाला नाही, तो मोसमातला. तेव्हा ही कमांड फक्त जिवंत माणसांच्या खात्यांवर चालवा. माणूस बसत नाही अशा खात्याला पासवर्डची गरजच नसते. ‘सुडो पासडब्ल्यूडी -एल’नं कुलूप लावा, क्रॉन चालू राहतो. तेवढ्यानं जुना हॅश जात नाही, फक्त पुढे उद्गारचिन्ह लागतं. तोही नको असेल तर व्हीआयपीडब्ल्यूनं त्या रकान्यात एक चांदणी ठेवा.

एसएसएचची किल्ली वापरून येणाऱ्यांनाही चेज अडवतं, त्यांनाही जुना पासवर्ड विचारला जातो. आणि किल्लीवाल्यांना तो हमखास आठवत नाही. त्यांना रूटकडून नवा ठेवून द्या.

नवा पासवर्ड जुन्यापेक्षा वेगळाच हवा. रूटकडून तोच पुन्हा ठेवता येतो, हॅशही दिमाखात $वाय$ होतो. पण जुना $१$ कुठल्या डिस्कवर असेल तर चोर तो फोडून तोच पासवर्ड इथं टाकेल.

पायरी ८: जुन्या प्रती

त्या प्रती कुठं असतात? मशीन स्वतःच एक ठेवतं: /ईटीसी/शॅडो- , नावाच्या शेवटी आडवी रेघ. तीत आधीची फाइल असते, म्हणून शेवटच्या माणसाचा पासवर्ड बदलल्यावर तीही तपासा. डेबियनवर /वार/बॅकअप्स या फोल्डरात एखादी असू शकते. आणि पायरी २ ची आपली शॅडो-जुनी. ही पुसून टाका. पेनड्राइव्हवरचे आणि दुसऱ्या डिस्कवरचे जुने बॅकअप पुसता येतील तेवढे पुसा, पण एसएसडी किंवा पेनड्राइव्हवर पुसलेलं खरंच गेलं याची खात्री धरू नका. म्हणूनच वेगळा पासवर्ड ठेवणं हा खरा इलाज.

आता सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला वाटून देणारं सॉफ्टवेअर. आपल्याकडे छोट्या ऑफिसात लिनक्सच्या पेटीवरून विंडोजवाल्यांना फोल्डर वाटून दिलेलं असतं, आणि बहुतेकदा पासवर्ड दोन्हीकडे एकच असतो. सांबा त्याचे हॅश शॅडोमध्ये ठेवत नाही, स्वतःच्या पासडीबी फाइलमध्ये ठेवतो, आणि विंडोजशी जुळायचं म्हणून ते एमडी४ वर चालतात. त्यात मीठ नाही, म्हणजे हॅशमध्ये मिसळला जाणारा तो वेगवेगळा यादृच्छिक तुकडा नाही, आणि फेऱ्याही नाहीत. शॅडोच्या दाराला लोखंडी कडी लावली आणि शेजारी सुतळीनं बांधलेलं दार. सांबाचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डापेक्षा वेगळा ठेवा, आणि सांबाच्या सेटिंगमध्ये युनिक्स पासवर्ड सिंक चालू असेल तर बंद करा.

पायरी ९: पासवर्ड

आपल्या भागात पासवर्ड म्हणजे पोराचं नाव आणि गाडीचा नंबर. जळगावला एमएच१९, धुळ्याला एमएच१८, नंदुरबारला एमएच३९. अंदाज लावणारा स्थानिक असेल तर येस्क्रिप्टची ७ किंमत त्याला थोडीच अडवते? पहिल्या शंभर अंदाजांत काम होतं.

डेबियनवर लिबपॅम-पीडब्ल्यूक्वालिटी हे पॅकेज टाका. ते स्वतःच कॉमन-पासवर्डमध्ये आपली ओळ लावतं. (लावल्यावर पायरी ५ ची ओळ पुन्हा बघून घ्या, राउंड्स जागेवर आहे ना.) मग /ईटीसी/सिक्युरिटी/पीडब्ल्यूक्वालिटी.कॉन्फमध्ये:

मिनलेन = १४
बॅडवर्ड्स = जळगाव धुळे खान्देश कानबाई अप्पा
एन्फोर्स_फॉर_रूट

दुसऱ्या ओळीतले शब्द लोक रोमनमध्ये जसे लिहितात तसे लिहा, आणि त्यात आपल्या फर्मचं, गावाचं, मालकाच्या पोरांचं नाव घाला. हे का लागतं? हे साधन सोपे शब्द ओळखायला शब्दकोश वापरतं, पण त्याला मराठी येत नाही. ‘पासवर्ड१२३’ ते पकडतं, ‘कानबाई’ त्याच्या लेखी मोठा गूढ शब्द. तिसरी ओळ नसेल तर रूटला नुसती सूचना मिळते, अडवलं जात नाही.

देवनागरीत पासवर्ड ठेवावा का, हे मला दोघांनी तरी विचारलं आहे. हॅशला चालतं, त्याला नुसते बाइट दिसतात, एका देवनागरी चिन्हाचे तीन. पण मशीन बिघडून काळ्या पडद्यावर लॉगिन करायची वेळ आली की तिथं मराठी कीबोर्ड नसतो. रोमन अक्षरांतच लिहा, शब्द मात्र आपले घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच: कळणा, टेंभा, सायकल, उंबरा, असे काहीतरी, छापलेत ते सोडून. अहिराणी येत असेल तर अहिराणीतले घ्या.

शेवटची तपासणी

आठवडाभरानं ही कमांड चालवा. पहिल्या आणि दुसऱ्या ग्रेपमधला एफ मोठा, व्ही छोटा, शेवटच्या कटमधला एफ छोटा, आणि एकेरी अवतरणचिन्हं जशीच्या तशी:

सुडो ग्रेप -एफ '$' /ईटीसी/शॅडो | ग्रेप -व्हीएफ '$वाय$' | कट -डी: -एफ१

ज्यांचा हॅश अजून जुन्या पद्धतीचा आहे त्यांची नावं येतील. डीईएसच्या हॅशमध्ये डॉलर नसतो, तो या जाळ्यात सापडत नाही. तो पायरी १ मध्येच नजरेनं टिपलेला असला पाहिजे. नावं आली तर ती माणसं गाठा. सुट्टीवर असतील तर खाती कुलूपबंद करा.

आमच्याकडे शेवटी एकच नाव उरलं होतं, ऑफिस सोडून गेलेल्या एका पोराचं. ते खातं काढून टाकलं. अप्पांच्या ओळीत आता $वाय$जेबीटी$ आहे, आणि पुढचा दिवसाचा आकडा वीस हजारांच्या पुढे गेला आहे. तुमच्याकडे ही कमांड काहीच न छापता परत आली, एक माणूस तुमच्यासमोर नव्या पासवर्डनं आत गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा बॅकअप झालेला दिसला, की पायरी २ मध्ये उघडी ठेवलेली ती रूटची खिडकी बंद करा.